ख्रिस पेरीचा ट्रम्पेट आणि लॉर्नाचा आवाज

गोव्याचा ट्रम्पेटवादक आणि संगीतकार ख्रिस पेरी याच्या रेकॉर्डींविषयी माझं एक मत नाही, दोन आहेत, आणि दोन्ही पक्की आहेत. त्याची कोंकणी गाणी लागली की हातातलं काम बाजूला ठेवून ऐकावीशी वाटतात. आणि ऐकताना असंही वाटत राहतं की या आनंदाची किंमत दुसऱ्याच कोणीतरी भरली आहे. जिने ती गाणी गायली, तिने.

यवतमाळात बसून कोंकणी गाण्यांवर लिहिण्याचं कारण काय, असं कोणी विचारेल. आमच्याकडे ट्रम्पेट म्हणजे बँडवाल्याचं वाद्य. दारव्हा असो की पुसद, नवरदेव घोड्यावर बसला की लाल कोटातला एक दमदार माणूस गाल फुगवून लता-रफीचं गाणं काढायचा. शब्द त्यात नसत, पण वरातीतल्या प्रत्येकाला ते ऐकू येत. आता डीजेने ही मंडळी जवळपास घरी बसवली. या बँडवाल्यांत मुसलमान पुष्कळ होते, आणि त्यांच्यापैकी बहुतेकांचं सगळं शिक्षण कानावर झालेलं. ते जी गाणी वाजवत, त्यांत मुळात ट्रम्पेट कोणी वाजवला होता, हे मात्र ना त्यांना माहीत असे, ना ऐकणाऱ्यांना. त्या अनामिक माणसांचा शोध घेत गेलं की वाट गोव्यात जाते, आणि गोव्यात गेलं की ख्रिस पेरी टाळता येत नाही.

गोष्ट मुंबईपासून सुरू करायला हवी. १९३५ साली लिऑन ॲबी हा अमेरिकन कृष्णवर्णीय वादक आपला बँड घेऊन मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात आला. त्याच्यामागून क्रिकेट स्मिथ, टेडी वेदरफर्ड असे वादक आले. स्वतःच्या देशात ज्यांना रंगामुळे मागच्या दाराने आत यावं लागे, ते इथे साहेबांच्या नि राजेरजवाड्यांच्या मेजवान्यांत मानाने वाजवत होते. (हिंदुस्थानी माणसाला मात्र त्याच साहेबांचे काही क्लब बंद होते, हा त्यातला विनोद.) वेदरफर्ड तर इथलाच झाला, १९४५ मध्ये तो कलकत्त्यात वारला. नरेश फर्नांडिस यांनी ‘ताजमहाल फॉक्सट्रॉट’ या २०१२ च्या पुस्तकात हा सगळा इतिहास मोठ्या प्रेमाने सांगितला आहे.

या पाहुण्यांचं वाजवणं सर्वांत लक्ष देऊन ऐकलं ते गोव्याच्या पोरांनी. पोर्तुगीज अमलात गोव्याच्या चर्चला जोडलेल्या शाळांत मुलांना संगीत शिकवलं जाई, आणि ते युरोपीय पद्धतीचं, लिहून-वाचून. त्यामुळे मुंबईत पोटासाठी आलेल्या गोवेकराला कागदावरची सुरावट वृत्तपत्रासारखी वाचता येई. आल्दोन्याचा आंतोनियो झेवियर वाझ हा असाच एक. लुई आर्मस्ट्राँगची नक्कल करता करता तो ‘चिक चॉकलेट’ या नावाने मुंबईचा सर्वांत लोकप्रिय ट्रम्पेटवाला झाला.

मग १९४९ चा मुंबई दारूबंदी कायदा आला. दारूबंदीवर आमच्या विदर्भात कायम बोललं जातं. वर्धा कोरडा, गडचिरोली कोरडा, चंद्रपूर २०१५ ते २०२१ कोरडा, आणि यवतमाळातल्या बायकांनी त्यासाठी मोर्चे काढले. संगीताचं काय होतं, हे त्यात कोणी विचारत नाही, आणि विचारू नयेच. ज्या घरात मार पडतो तिथे हा प्रश्न विचारायला तोंड नसतं. पण मुंबईत जे झालं ते झालं. ग्लास रिकामे झाले तसे हॉटेलांतले बँडही आटले. वादकांना काम हवं होतं, आणि ते दादरपासून ताडदेवपर्यंतच्या सिनेमाच्या स्टुडिओंत होतं.

सिनेमाचा संगीतकार बहुधा पेटीवर चाल बांधत असे. ती पन्नास वाद्यांकडून वाजवून घ्यायची तर लिहून काढणारा, सुरांची भर घालणारा, कुठे व्हायोलिन आणि कुठे सॅक्सोफोन हे ठरवणारा माणूस लागे. तो अरेंजर. शंकर-जयकिशनसाठी हे काम वर्षानुवर्षं सेबॅस्टियन डिसोझाने केलं. तो फाळणीपूर्वी लाहोरच्या हॉटेलात वाजवत असे. शहर फाटलं तसा मुंबईला आला. सी. रामचंद्रांचा उजवा हात होता चिक चॉकलेट. रामचंद्र नरहर चितळकर, जन्म १९१८, पुणतांब्याचा, गाण्याचे धडे नागपुरात शंकरराव सप्र्यांकडे गिरवलेले. या आपल्या मराठी माणसाने गोव्याच्या ट्रम्पेटवाल्याला हाताशी धरून ‘अलबेला’ (१९५१) केला आणि अख्खा देश झुलायला लागला. त्या सिनेमात चिक चॉकलेटचा बँड पडद्यावरही दिसतो. पुढे ‘आखरी ख़त’ (१९६६) मध्ये खय्यामच्या चालीवर तरुण भूपिंदर क्लबात गातो, तेव्हा त्याच्या जोडीला ट्रम्पेट घेऊन उभा आहे तो चिक चॉकलेटच. पुढच्याच वर्षी तो गेला.

पडद्यावर चेहरा दिसला, एवढंही बहुतेकांच्या वाट्याला आलं नाही. रेकॉर्डीवर नाव छापलं जाई ते गायकाचं, संगीतकाराचं, गीतकाराचं, सिनेमाचं. अरेंजर आणि वादक त्यात कुठेच नाहीत. आणि हेही लक्षात ठेवायला हवं की गायकांची नावं छापायची रीतही सहज पडलेली नाही. १९४९ च्या ‘महल’मधल्या लताच्या गाजलेल्या गाण्याच्या तबकडीवर गायिका म्हणून आधी ‘कामिनी’ असं छापलं होतं, म्हणजे सिनेमातल्या पात्राचं नाव! आवाजाला नाव मिळायलाच भांडावं लागलं, तिथे फुंकणाऱ्याला कोण विचारतो?

माजोर्ड्याचा अँथनी गोन्साल्विस व्हायोलिनचा उस्ताद. पुढच्या काळातले कितीतरी संगीतकार त्याच्या हाताखाली तयार झाले. १९५८ मध्ये त्याने स्वतःचा मोठा वाद्यवृंद उभा करून सेंट झेवियर्स कॉलेजच्या आवारात कार्यक्रम केला. लता आणि मन्ना डे गायला होते. आज त्या कार्यक्रमाची आठवण किती जणांना आहे? पण १९७७ मध्ये त्याचा शिष्य प्यारेलाल याने ‘अमर अकबर अँथनी’मध्ये गुरूचं नाव एका गाण्यात घातलं आणि ते शेंबड्या पोरालाही पाठ झालं. नाव माहीत, माणूस माहीत नाही. वाद्यवाल्याचं नशीब असं, की त्याचं नाव टिकलं तेही गाण्याच्या शब्दांत शिरलं म्हणून.

ख्रिस पेरीचं वेगळेपण इथेच आहे. तो मागच्या रांगेत बसायला तयार नव्हता.

मडगावच्या बोर्डा भागातला १९२८ चा जन्म, आडनाव परेरा. त्याचं ‘पेरी’ झालं. ट्रम्पेट आणि सॅक्सोफोन दोन्ही हातचे. मुंबई-कलकत्त्याच्या क्लबांत त्याने बँड चालवला आणि सिनेमाच्या वाद्यवृंदांतही काम केलं. पण साठच्या दशकात त्याने केलेली मोठी गोष्ट ही, की क्लबातला जॅझ, ब्राझीलकडचे ठेके, पोर्तुगीज गाण्यांची हुरहुर हे सारं त्याने कोंकणीत आणलं. हिंदीत नाही, इंग्रजीत नाही. आपल्या आईच्या भाषेत. आणि त्यासाठी मुंबईतच वाढलेली एक कोवळी गायिका त्याला सापडली. लॉर्ना कोर्देरो, १९४६ चा जन्म, आवाजात भरदार खर्ज आणि वरच्या पट्टीत चाबकासारखा फटकारा. एचएमव्हीने या गाण्यांच्या रेकॉर्डी काढल्या आणि गोवेकरांच्या घराघरांत त्या झिजेपर्यंत वाजल्या.

‘पिसो’, ‘बेबदो’, ‘नाचुंया कुंपासार’, ‘लिस्बोआ’. मी भाषेचा मास्तर, माझं लक्ष आधी शब्दांकडे जातं. पिसो म्हणजे वेडा; आपण वेडंपिसं म्हणतो, त्यातलंच ते पिसं. बेबदो म्हणजे दारुडा, पोर्तुगीजमधून आलेला, पण आपल्या कानाला अगदी शेजारचा. कुंपास म्हणजे ताल, तोही पोर्तुगीज. मराठी येणाऱ्या माणसाला ही गाणी अर्धी कळतात आणि उरलेली अर्धी ट्रम्पेट समजावून सांगतो.

हे त्या काळात घडत होतं हे विसरू नये. गोवा १९६१ च्या १९ डिसेंबरला मुक्त झाला आणि लगेच वाद पेटला की तो महाराष्ट्रात जावा की वेगळा राहावा. १९६७ च्या १६ जानेवारीला त्यावर मतदान झालं आणि वेगळं राहण्याच्या बाजूने कौल पडला. कोंकणी ही भाषाच नाही, मराठीची बोली आहे, असं आपल्याकडची शहाणी माणसं तेव्हा छातीठोकपणे सांगत होती. आजही सांगतात. जिला रोमी, नागरी, कन्नड, मल्याळम आणि भटकळच्या नवायतांकडे आमची फारसी-अरबी अशी पाच लिप्यांची वस्त्रं आहेत, तिला भाषा म्हणायला इतके आढेवेढे का, हे उर्दू शिकवणाऱ्या माणसाला कधी कळलेलं नाही. उर्दूलाही कोणी छावणीची म्हणालं, कोणी उसनी. साहित्य अकादमीने कोंकणीला १९७५ मध्ये मान्यता दिली, गोव्याने १९८७ मध्ये राजभाषा केलं, संविधानाच्या आठव्या अनुसूचीत ती १९९२ मध्ये आली. त्याच्या कितीतरी आधी पेरी-लॉर्नाने तिला नाचवून दाखवलं होतं.

सिनेमाचंही तसंच. फ्रँक फर्नांड या आणखी एका ट्रम्पेटवाल्याने १९६३ मध्ये ‘आमचें नशीब’ हा कोंकणी सिनेमा काढला, आणि दिग्दर्शक कोण, तर ए. सलाम. कोंकणी चित्रपटाच्या नावातच आमचं अरबी ‘नसीब’ बसलेलं. फर्नांड-सलाम जोडीचा पुढचा सिनेमा ‘निर्मोण’ (१९६६), आणि त्याचाच हिंदी अवतार सलाम यांनीच केलेला ‘तक़दीर’ (१९६७). नशीब, निर्मोण, तक़दीर, तिन्हींचा अर्थ एकच! ख्रिस पेरीने १९७७ मध्ये ‘भुंयारांतलो मुनीस’ काढला, तो कोंकणीतला पहिला रंगीत चित्रपट.

आता माझं दुसरं मन.

जॅझचे दर्दी लोक पेरीच्या या गाण्यांवर नाक मुरडतात ते वेगळ्या कारणाने. त्यांचं म्हणणं, जॅझ म्हणजे वादकाने ऐनवेळी सुचेल तसं रचत जाणं. तीन-चार मिनिटांच्या गाण्यात, मुखडा-अंतरा-मुखड्याच्या कुंपणात, त्याला श्वास कुठे? तक्रार अगदीच खोटी नाही. ‘पिसो’सारख्या गाण्यात ट्रम्पेट आरंभी येऊन दार उघडतो, मधल्या जागेत दोन फेऱ्या मारतो आणि अदबीने बाजूला होतो. क्लबात रात्री उशिरा हाच माणूस काय वाजवत असेल, याची चुटपुट लागून राहते, कारण ते टिपून ठेवायला तिथे कोणी यंत्र लावलं नव्हतं. आपल्याकडे टिकलं ते गाणं. पण म्हणून गाणं कमअस्सल ठरत नाही. लुई आर्मस्ट्राँग स्वतः गायचा. ड्यूक एलिंग्टनच्या गायनाच्या रेकॉर्डींबद्दलही त्याच्या चाहत्यांत असाच वाद चालतो, पण त्याने १९२७ मध्ये ‘क्रिओल लव्ह कॉल’मध्ये ॲडलेड हॉल हिच्याकडून एकही शब्द न देता नुसता आवाज गाऊन घेतला, जणू तीही बँडमधलं एक वाद्यच. (एलिंग्टन १९६३ मध्ये बँड घेऊन मुंबईतही वाजवून गेला.) आमच्या वरातीत ट्रम्पेट माणसासारखा गातो, तिकडे बाई ट्रम्पेटसारखी गाते. पेरीने या दोहोंच्या मधली जागा धरली. लॉर्ना एक ओळ फेकते आणि ट्रम्पेट तिला उलटं उत्तर देतो. भांडतात दोघं, आणि दोघांपैकी कोणीही दुसऱ्याच्या मागे उभं नाही. हिंदी सिनेमात ही बरोबरी मला क्वचित ऐकू येते. म्हणून दर्द्यांची तक्रार मी कानाआड करतो.

कानाआड करता येत नाही ती पुढची गोष्ट. रेकॉर्डीवर ऐकू येणारी ही बरोबरी रेकॉर्डीबाहेर नव्हती. पेरीने लॉर्नाकडून करार लिहून घेतला होता, दुसऱ्या कोणाबरोबर तिने गायचं नाही, असं गोव्याच्या आणि मुंबईच्या संगीतावर लिहिणाऱ्या अनेकांनी लिहून ठेवलं आहे. दोघांचं फाटलं, तो आपल्या वाटेने गेला. पुढे दुबईत त्याने संगीताची शाळा काढली. ती मात्र सुमारे चोवीस वर्षं गप्प राहिली. पंचविशीत थांबलेला आवाज पन्नाशीच्या उंबरठ्यावर पुन्हा ऐकू आला. दोघांचं नातं काय होतं, याच्या चघळण्यात मला रस नाही. तो माणूस घरसंसारी होता आणि ती पोर वयाने अठरा वर्षांनी लहान होती, एवढं पुरे. मला रस आहे तो कागदात. वादकाला कोणी नाव देत नाही म्हणून ज्याने स्वतःचं नाव रेकॉर्डीवर कोरून घेतलं, त्याने दुसऱ्याचा गळा स्वतःच्या नावावर करून घ्यावा?

म्हणतील, काळच तसा होता. पण त्याच वर्षांत, त्याच मुंबईत, त्याच एचएमव्हीच्या दारात दुसरी एक बाई उभी होती. साठच्या दशकाच्या आरंभी लता मंगेशकर गायकाला रॉयल्टी मिळावी म्हणून अडून बसली. रफीसाहेबांचं म्हणणं पडलं की गाण्याचे पैसे मिळाले, तिथे आपला हक्क संपला. त्यावरून दोघांचं बिनसलं आणि काही वर्षं त्यांनी एकत्र गायचं सोडलं. रफीसाहेबांच्या साधेपणावर माझा जीव आहे, आमच्या घरात त्यांचं नाव नुसतं घेतलेलं चालत नाही, पुढे ‘साहेब’ लागतंच. पण या भांडणात बरोबर होती ती लता. तिच्यामागे अख्खा हिंदी सिनेमा होता, ती अडू शकली. लॉर्नामागे कोण होतं? एका छोट्या भाषेतलं गाणं, एकच संगीतकार, एकच बँड. मोठ्या बाजारात कलावंताला शंभर दारं असतात, त्यातली पन्नास बंद झाली तरी चालतं. छोट्या भाषेत दार एकच, आणि किल्ली ज्याच्या खिशात तोच मालक. कोंकणीला ज्याने उभं केलं त्यानेच तिच्या सर्वांत मोठ्या आवाजाला बसवलं, आणि हे दोन्ही एकाच माणसाने केलं. मी यातलं एक वजा करून दुसरं ठेवू शकत नाही.

भाषेवर प्रेम करणाऱ्यांची एक सवय मी आमच्या उर्दूतही पाहिली आहे. ज्याने भाषेची खिदमत केली त्याचे बाकीचे हिशेब कोणी मागत नाही. मुशायऱ्यांच्या आठवणी सांगताना शायरांच्या लहरीपणाचे किस्से कौतुकाने रंगतात, आणि ज्या बायकांनी ते निभावलं त्यांची नावं हळूच गळतात. पेरीच्या बाबतीत गोवेकरांनी निदान एवढं केलं नाही. बार्द्रॉय बार्रेतो याने २०१४ मध्ये ‘नाचुंया कुंपासार’ हा चित्रपट लोकांकडून पैसे जमवून काढला. त्यात नावं बदलली आहेत; तो लॉरी, ती डोना. पेरीची वीसेक गाणी पुन्हा नव्याने वाजवली आहेत, विजय मौर्य आणि पालोमी घोष यांनी ती भांडणं पडद्यावर जिवंत केली आहेत. कोंकणीतला सर्वोत्कृष्ट चित्रपट म्हणून त्याला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, पालोमीच्या कामाची ज्युरीने खास नोंद घेतली. सिनेमा संपतो तेव्हा लॉरीचा राग येतो आणि त्याची चाल ओठांवर असते. माझी दोन मतं आहेत असं सुरुवातीला म्हटलं, ते याच अर्थाने.

लॉर्ना परत आली ती १ डिसेंबर १९९५ ला. रॉनी मोन्सेरात या संगीतकाराने तिला खूप मनधरणी करून पुन्हा उभं केलं आणि गोव्यात ‘हॅलो लॉर्ना’ हा कार्यक्रम झाला. लोक लोटले. ज्यांनी तिला कधी प्रत्यक्ष पाहिलं नव्हतं, आईबापांच्या झिजलेल्या रेकॉर्डींवर फक्त ऐकलं होतं, असे तरुण त्यात पुष्कळ. पेरी तेव्हा हयात होता. २५ जानेवारी २००२ ला तो गेला. तिने नवी गाणी गायली, इतरांच्या चालींवरही गायली. पण मंचावर ती आली की समोरून मागणी होते ती ‘पिसो’ची आणि ‘बेबदो’ची, आणि तीही ती गाते, मन लावून गाते. मागे ट्रम्पेट दुसराच कोणीतरी वाजवत असतो.